झाडेबाईंची लिंक

आमच्या बँकेच्या वडनेर शाखेत कॉम्प्युटरची लिंक फार जायची. सगळ्यांची जायची असं नाही, झाडेबाईंची जायची. समोर आलेल्या माणसाकडे त्या चष्म्याच्या वरून पाहत, मग त्याने दिलेल्या स्लिपकडे, मग पुन्हा माणसाकडे, आणि घोगऱ्या आवाजात म्हणत, "लिंक गेली. बसा." त्याच वेळी शेजारच्या काउंटरवर कामं सुरळीत चाललेली असत. गावात त्यांचं नावच 'लिंकवाली बाई' पडलं होतं.

मी त्या शाखेत बदलून आलो त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एक म्हातारी बाई आणि तिच्या दंडाला धरून उभा असलेला तिचा पुतण्या, असे दोघे झाडेबाईंपुढे होते. म्हातारीची ठेव मोडून पुतण्याच्या खात्यात घालायची होती. बाई म्हणाल्या, लिंक गेली. मी शेजारी बसलेला, नवा, कामाला उत्सुक. म्हटलं, "मॅडम, माझ्याकडे चालू आहे. मी करून देतो."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडं चालू असन. माह्याकडं बंद आहे. तुम्ही तुमचं पाहा." मग पुतण्याला म्हणाल्या, "भाऊ, तवर मावशीच्या आधारची झेरॉक्स घेऊन ये."

"सकाळीच तं दिली ना बाई."

"ते काळी आली. चेहराच दिसून नाई राह्यला. स्टँडजवळच्या दुकानातून आण, तिथली साफ येते."

पुतण्या गेला. बाई काउंटरमागून बाहेर आल्या, आपल्या स्टीलच्या पेल्यात म्हातारीला पाणी दिलं आणि तिच्याशेजारी बाकावर बसल्या. "काऊन वो मावशी, तुमच्या मनात आहे का द्याचं?"

म्हातारीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मनात कायले राह्यते बाई? त्याच्या घरी खाऊन राह्यली ना मी."

"खाऊन राह्यल्या तं महिन्याचं व्याज देजा त्याले. मुद्दल राहू द्या. मुद्दल आहे तवर ताट आहे."

पुतण्या झेरॉक्स घेऊन परतला तेव्हा लिंक आली होती, पण मावशीचा विचार गेला होता. दुपारी डबा खाताना बाई मला म्हणाल्या, "तू लय इमानदार दिसतं. इमानदार माणसानं जरा उशिरा बोलावं." पहिल्याच दुपारी त्या मला 'तू' म्हणू लागल्या होत्या. मी डब्याशेजारी पुस्तक उघडून ठेवतो हे पाहून त्यांनी माझं नाव 'वाचनालय' ठेवलं. ते नाव पुढे शाखेत सगळ्यांनी घेतलं. आता ते कोणी वापरत नाही.

ज्यांनी बाईंना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर त्या उंच, हडकुळ्या होत्या. सुती साड्या नेसत. चष्मा काळ्या दोरीने गळ्यात अडकवलेला असे आणि बोलताना त्या दोरीला उगाच गाठी मारत. गालात एक लवंग असायची. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. वडील असेतोवर त्यांचं केलं, ते गेल्यावर वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघेतल्या छोट्या घरात त्या एकट्याच राहिल्या. मी वर्ध्यात खोली घेऊन राहत होतो. सकाळी आम्ही एकाच बसने हिंगणघाटला जायचो, तिथे बस बदलून वडनेरला. काउंटरवर इतकं बोलणारी ही बाई बसमध्ये मात्र गप्प बसे. मी वाचत असायचो, त्या खिडकीबाहेर कपाशी-तुरीची शेतं पाहत. उतरताना एवढंच म्हणत, "चल वाचनालया, लोकं वाट पाहून राह्यले असतीन." मला नंतर वाटत आलं आहे की दिवसभरात आपली वाट पाहणारं कोणी असावं म्हणून त्या बँकेत येत असाव्यात. त्यांच्या घरी वाट पाहायला कोणी नव्हतं. माझ्याही नव्हतं.

लिंकची तक्रार वरपर्यंत गेली होती. नागपूरहून एक माणूस तारा तपासायला आला आणि टेबलाखाली शिरून बराच वेळ खाटखूट करत राहिला. बाईंनी त्याला चहा दिला आणि वाकून म्हणाल्या, "नीट पाह्य बावा, उंदीर असतीन." त्याला काही सापडलं नाही. त्याने तार बदलली, सही घेतली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंक पुन्हा गेली.

आमच्या कामाची एक अडचण बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. ग्राहकाने आपले पैसे मागितले किंवा कुठे पाठवायला सांगितले की ते विनाविलंब करणं हे बँकेचं कर्तव्य. आणि त्या ग्राहकाला कोणी फसवत असेल, दबाव टाकत असेल, तर त्याला सावध करणं हेही बँकेचंच कर्तव्य. दोन्ही सूचना वरून येत. बाई म्हणायच्या, "सावध करा म्हणते आणि उशीर करू नका म्हणते. चालत्या बसमधी उभं राहून चहा गाळा म्हटल्यासारखं आहे." त्यांनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. त्या कोणाला नाही म्हणत नसत. कोणाचा अपमान करत नसत. पोटच्या पोरावर संशय आहे का, असं म्हाताऱ्याला चारचौघांत विचारत नसत. फक्त थोडा वेळ काढत. "घाईनं आलेला माणूस आपला नसते," त्या म्हणत. "तो कोणाचा तरी असते. बसवला की मंग आपला होते."

एक निवृत्त कंपाउंडर होते, बायको गेलेले, एकटे राहणारे. ते एकदा सकाळीच आले. घामाघूम झालेले, डोळे लाल. सगळी ठेव मोडून एका खात्यात पाठवा म्हणाले. का ते सांगेनात. सदऱ्याच्या खिशात मोबाइल होता आणि त्याचा दिवा लागलेला, म्हणजे फोन चालूच होता. बाईंनी लिंक गेली म्हणून सांगितलं, बाहेर आल्या, त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि सरळ खिशातून तो मोबाइल काढला. पलीकडून कोणीतरी हिंदीत दरडावत होतं. पोलिसांचा मोठा साहेब असल्याचं सांगत होतं, कंपाउंडरांना घरातच अटक झालेली आहे म्हणत होतं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, इथली लिंक गेली हो. तुमीच या ना वडनेरले, बेड्या घेऊन. स्टँडवर कोणालेबी विचारा, झाडेबाई कुठी बसते." फोन बंद झाला. रांगेतले लोक हसले. कंपाउंडर हसले नाहीत. बाकावर बसून ते बराच वेळ रडले. मग हळूच म्हणाले, "बाई, ते चोर होते हे मले समजून राह्यलं होतं थोडं थोडं. पण ते रोज फोन करत. जेवले का म्हणून विचारत."

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये बाई पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. "ऐकलं का? लुबाडणारे पह्यले जेवले का विचारते. आपण इतक्या वर्षांत विचारलं का त्याले?" मी पुस्तक मिटलं.

उमाटे गुरुजींची गोष्ट यानंतरची.

गुरुजी गावच्या शाळेतून निवृत्त झालेले. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं होतं. बायको वारली होती. एक मुलगी होती, मंजू. तिने नागपूरला आपल्या मनाने लग्न केलं, जातीबाहेर, आणि त्या दिवसापासून गुरुजींनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. गावात कोणी तिचं नाव काढलं की ते पाऊसपाण्याचं बोलू लागत. आम्हाला बँकेत हे सगळं ऐकून माहीत होतं. तिच्या नवऱ्याचं नाव मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

तो बाजाराचा दिवस होता. शाखेत भाजीवाल्या बायकांची गर्दी. गुरुजी दार उघडल्याबरोबर आले आणि बाईंपुढे स्लिप ठेवली. नागपूरचं खातं, नवं, याआधी कधी पैसे न पाठवलेलं.

"गुरुजी, हे कोणाचं खातं?"

"ओळखीचे आहे ना."

"आडनाव तं आपल्याकडचं नाई दिसत."

"तुम्ही पाठवा ना बाई."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते भिंतीकडे तोंड करून, हाताने फोन झाकून, दबक्या आवाजात बोलले. परत आले तेव्हा कपाळावर घाम होता. बाईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं. मीही पाहत होतो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही तेच वाटलं जे त्यांना वाटलं. एकटा म्हातारा, अनोळखी खातं, लपूनछपून फोन, आणि घाई.

"लिंक गेली गुरुजी. बसा."

गुरुजी बसले. शेजारी माझी लिंक चालू होती, पण मी आता उशिरा बोलायला शिकलो होतो. बाईंनी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. गर्दी कमी झाली की त्यांच्याजवळ जाऊन बसायचं असं बाईंनी ठरवलं असणार. पण बाजाराच्या दिवशी गर्दी कमी होत नाही. मधूनमधून गुरुजी उठून येत. "आली का?" "नाई अजून." ते पुन्हा फोनवर बोलत, आम्हाला एवढंच ऐकू येई, "लिंक नाई आहे गं... हो, बसूनच आहो इथं." त्यातला तो 'गं' आमच्यापैकी कोणी ऐकला नाही. म्हणजे कानांनी ऐकला, लक्षात आला नाही.

दुपार व्हायच्या सुमारास त्यांना एक फोन आला. या वेळी त्यांनी नुसतं ऐकलं. मग फोन खिशात ठेवून काउंटरपाशी आले. "राहू द्या आता," म्हणाले.

बाईंचा चेहरा उजळला. "बरं झालं गुरुजी. वाचले तुम्ही."

गुरुजी एरवी बाईंसारखंच वऱ्हाडी बोलत. तेव्हा मात्र वर्गात उभे असल्यासारखे शुद्ध बोलले. "माझी मुलगी दवाखान्यात आहे. बाळंतपण अडलं होतं, ऑपरेशनला पैसे हवे होते. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा मला हाक मारली होती. ते खातं जावयाचं होतं. त्यांनी दुसरीकडून पैसे उभे केले. ती आत्ता म्हणाली, यांनी तुमच्याच बँकेच्या हिंगणघाट शाखेत फोन करून विचारलं, लिंक कुठेच गेलेली नाही. म्हणाली, बाबा, द्यायचे नव्हते तर सकाळीच सांगायचं होतं, खोटं कशाला बोलता?"

गुरुजींनी स्लिप काउंटरवरच सोडली आणि बाहेर गेले. बाई उठून दारापर्यंत गेल्या, तिथेच थांबल्या. मुलगी आणि बाळ सुखरूप होते, हे नंतर कळलं. पण बाईंच्या तोंडचं खोटं गुरुजींच्या तोंडी जाऊन बसलं होतं, आणि ते तिथून काढणारं दुसरं कोणी नव्हतं.

स्लिपवर जावयाचा मोबाइल नंबर होता. बाईंनी त्यावर फोन करून दवाखान्याचा पत्ता घेतला. रविवारी आम्ही दोघं नागपूरला गेलो. "तू कायले येतं?" त्या म्हणाल्या, आणि मग तिकिटं दोन काढली. त्यांच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता.

मंजू कॉटवर बसली होती, कुशीत बाळ. जावई उभा होता. बाईंनी नमस्कार केला, आपण कोण ते सांगितलं आणि मग एका दमात बोलल्या, "लिंक गेली नव्हती पोरी. मी खोटं बोलली. तुह्ये बाबा दार उघडल्यापासून माह्यासमोर बसून होते. मले वाटलं त्यायले कोणी ठगवून राह्यलं. त्यायनं तुह्यं नाव सांगतलं नाई, मी नीट विचारलं नाई. खोटं माह्यं आहे, त्यायचं नाई."

मंजूने बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "तुम्हाला बाबांनी पाठवलं का?"

"नाई."

"ते असंच करतात. स्वतः येत नाहीत. कोणालातरी पाठवतात." आणि तिने भिंतीकडे तोंड वळवलं. वळण्याची ती पद्धत अगदी गुरुजींची होती.

जावई जिन्यापर्यंत आला. "मी समजावतो तिला," म्हणाला. त्याच्या आवाजात समजावण्याची खात्री नव्हती. लाडवांचा डबा बाईंच्या हातातच राहिला होता. बसमध्ये बसल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला. "तू खा. तुले कोण करून घालते?" मी एक लाडू घेतला. बुटीबोरी मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "आपण लोकायले त्यायच्या पैशापासून वाचवून राह्यलो असं वाटत होतं मले. माणसापासूनच तोडून टाकलं ना बावा एकाले."

दुसऱ्या दिवशी त्या मॅनेजरच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. आमचे मॅनेजर वयाने लहान, मनाने बरे. म्हणाले, "मॅडम, गुरुजींची तक्रार नाही. कशाला उकरून काढता?"

"तक्रार नाई म्हणूनच सांगून राह्यली. तक्रार आली असती तं तुम्हीच विचारलं असतं."

मॅनेजरांनी वर कळवलं, कळवावंच लागलं. पुढचा आदेश येईपर्यंत बाई काउंटरवरच होत्या, आणि त्या दिवसांत त्यांनी लिंक एकदाही घालवली नाही. शंका आली की सरळ म्हणत, "लिंक चालू आहे. मीच थांबवून राह्यली. काऊन थांबवलं ते सांगते, ऐकून घ्या. मंग म्हणसान तं पाठवते." मला एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा दिसली. इतकी वर्षं लिंकवर लोक चिडत, पण बाईंवर चिडत नसत. आता चिडू लागले. "तुम्ही कोण विचारणाऱ्या?" "पैसे माह्ये का तुमचे?" एकाने तर तोंडावर म्हटलं, "बाई, तुमची लिंकच बरी होती." बाई हसल्या. "मलेबी तेच वाटते," म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगू लागल्या.

मग त्यांची बदली झाली. शिक्षा म्हणून नव्हे, असं कागदावर होतं. वर्ध्याच्या कार्यालयात वरच्या मजल्यावर जुने कागद ठेवायची एक खोली होती, तिथे. त्या खोलीत ग्राहक येत नसे. शिपाईसुद्धा कामाशिवाय येत नसे. घरापासून जवळ पडेल म्हणून सोय झाली, असं सगळे म्हणाले.

मी लवकर सुटलो की तिथे जायचो. त्या खिडकीजवळ बसलेल्या असत. टेबलावर तो स्टीलचा पेला पालथा ठेवलेला. मला पाहिलं की पहिला प्रश्न ठरलेला, "गुरुजी दिसले का रे?"

गुरुजींनी आमच्याकडचं खातं बंद करून दुसऱ्या बँकेत नेलं होतं. मी एकदा त्यांच्या घरी गेलो. ते दारात आले, आत बोलावलं नाही. मी म्हटलं, बाई फार विचारतात, मुलीचं काही कळलं का? "बँकेचं काम बँकेत," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं. हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बराबर आहे त्यायचं."

नंतर गावातून कानावर आलं की गुरुजी अधूनमधून नागपूरला डोळे दाखवायला जातात. तेही सांगितलं. बाईंनी चष्म्याच्या दोरीला गाठ मारली. "मोतीबिंदू असन. एकटेच जातेत का बसनं?" पुढच्या भेटीत त्यांनी गुरुजींच्या डोळ्यांची चौकशी केली. त्याच्या पुढच्या भेटीतही. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम लहानसा झाला. वरच्या मजल्यावर त्यांना ओळखणारे फार नव्हते. भाषण करा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मले कोणी समोर असल्याशिवाय बोलता येत नाई," आणि बसल्या.

निवृत्तीनंतर मी पिपरी मेघेला जात राहिलो. घर नीटनेटकं, फार नीटनेटकं. दुपारी रस्त्यावरून जाणाऱ्या भाजीवालीला त्या ओसरीवर बसवून घेत, पाणी देत, एक मेथीची जुडी घेत आणि तिची सगळी कहाणी ऐकत. मेथी तशीच वाळून जाई. गेल्या थंडीत त्या आजारी पडल्या. दवाखान्यात भेटलो तेव्हा मी उत्तर तयार ठेवलं होतं की गुरुजींचं काही कळलं नाही. त्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. बराच वेळ माझा हात धरून होत्या. एवढंच म्हणाल्या, "काय वाचून राह्यला सध्या?" मी पुस्तकाचं नाव सांगितलं. "वाच," म्हणाल्या. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

तेरवीला यवतमाळहून त्यांचा भाचा आला होता, त्यानेच सगळं केलं. अंगणात छोटा मांडव. वडनेरहून काही माणसं आली होती. दोन भाजीवाल्या, कंपाउंडर, आणि सगळ्यांच्या मागे, हातात टोपी धरून, उमाटे गुरुजी. मला पाहून ते जवळ आले. डोळे स्वच्छ होते त्यांचे. मी विचारलं, "डोळ्याचं ऑपरेशन झालं का?"

"डोळ्याले काय झालं?" ते म्हणाले. मग खाली पाहिलं. "लोकायले तसं सांगतो. पोरीकडं जातो मी. नातू आता बोलते."

"केव्हापासून?"

"तुम्ही दोघं दवाखान्यात गेलते ना, त्याच हप्त्यात तिचा फोन आला. पह्यलं हेच विचारलं, बाबा, ते बाई खरंच तुमच्या बँकेतली होती का? ते रडली. मीबी."

"मग बाईंना..."

"राग होता मले." गुरुजी टोपी हातात फिरवत राहिले. "म्हटलं, मी बसलो तसं बसू दे तिलेबी थोडं. मंग राग गेला. तं लाज आली, इतके दिवस काऊन नाई सांगतलं म्हणून. दर वेळी बस वर्ध्याच्या फाट्यावरून जाये. दर वेळी म्हणो, पुढच्या बारीनं उतरू."

पंगत बसली होती. भाचा वाढत होता. मी गुरुजींना काय बोलायला हवं होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ते मांडव ओलांडून आतल्या खोलीत गेले. तिथे पाटावर बाईंचा फोटो ठेवला होता, ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला. गुरुजी त्याच्यापुढे उभे राहिले आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, मंजू बोलते माह्याशी. त्याच हप्त्यापासून बोलते." जेवणाऱ्यांचे हात थांबले. गुरुजींनी थोडा दम घेतला आणि तेच पुन्हा एकदा, आणखी सावकाश सांगितलं, पलीकडच्या माणसाला पहिल्यांदा ऐकू गेलं नसावं तसं.

सांगून झालं तरी ते बाजूला झाले नाहीत. मी त्यांच्यामागे, काउंटरच्या रांगेत असल्यासारखा, उभा होतो. मीही त्यांना सरका म्हटलं नाही.